उलटून उलटून येणारा ताप, खोकला आणि फुफ्फुसात शिरलेलं कुसळ (शिकारी कुत्री पाळणाऱ्यांसाठी)

माळरान

मंडळी, धागा आमच्या पॉइंटर कुत्रीसाठी काढतोय, पण रानात कुत्री पळवणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असं मनापासून वाटतं.

कुत्री चार वर्षांची, काटक, पक्ष्याचा वास लागला की तासन्‌तास न थकणारी. हंगामात वाळून कणसं धरलेल्या गवतातून पळताना एकदम थांबली आणि जोरात ठसका लागला. मान लांब करून घशातून काहीतरी बाहेर टाकायचंय असं खाकरत राहिली. तोंड उघडून टाळू, जिभेखाली, दाढांच्या मागे पाहिलं, काही दिसलं नाही. थोड्या वेळाने शांत झाली आणि पुन्हा पळायला लागली.

त्यानंतर काही आठवडे सगळं छान. मग एके दिवशी मलूल, जेवणाकडे पाठ, ताप १०४ फॅरनहाइट. अँटीबायोटिक सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी शेपूट हलवत दारात उभी. कोर्स संपला की आठवड्याभरात पुन्हा तेच. औषध बदललं, पुन्हा तोच खेळ. एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाच्या मागच्या लोबमध्ये (फुफ्फुसाच्या एका कप्प्यात) पांढरट डाग आहे, रक्तात पांढऱ्या पेशी वाढल्यात. निदान 'न्यूमोनिया' असं लिहून दिलंय. खोकला फारसा नाही, पण वजन उतरतंय आणि धाप लवकर लागते.

त्या दिवशीच्या ठसक्याचा आणि याचा संबंध असू शकतो का? असेल तर पुढची पायरी कोणती?

निळी_टिटवी

माळरान, वाचताना अंगावर काटा आला, कारण आमच्या सेटर जातीच्या कुत्र्याचं अगदी असंच झालं होतं. ताप यायचा, जायचा. मग एक दिवस उजव्या कुशीत, शेवटच्या बरगडीच्या मागे, लिंबाएवढी गाठ आली. ती फुटून पू वाहिला, जखम भरली आणि पुन्हा तिथेच फुटली. डॉक्टरांनी ती वाट आत खोलवर उघडली तेव्हा चिमट्याला दीडेक इंचाचं तपकिरी कुसळ लागलं, पुवाने माखलेलं, पण टोक अजून टोकदारच. कातडीतून शिरलं असेल असं आम्ही समजत होतो. सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसापासून तिथपर्यंतचा माग दिसला.

तुमच्या कुत्रीच्या बरगड्यांवरून, पाठीवरून, कुशीतून रोज हात फिरवत जा. कुठे गरम, फुगीर लागलं किंवा दाबल्यावर ती दचकली तर लगेच दाखवा.

श्वानवैद्य

मी पशुवैद्य आहे, छातीच्या तक्रारींची कुत्री नेहमी पाहतो. तुमच्या कुत्रीला न तपासता निदान करणार नाही, पण माळरान, तुम्ही लिहिलेला क्रम फार बोलका आहे. रानात ठसका, मग बरे दिवस, मग ताप, अँटीबायोटिकने उतरणारा आणि ते थांबलं की परतणारा, आणि एक्स-रेत एकाच लोबमध्ये डाग. शिकारी कुत्र्यात हे चित्र दिसलं की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत मी कुसळ धरूनच चालतो.

ते आत कसं जातं? जोरात पळणारं कुत्रं तोंड उघडं टाकून खोल श्वास घेतं. अंगाच्या धक्क्याने वाळलेली कणसं तुटतात, उडतात आणि त्या झोताबरोबर थेट श्वासनळीत जातात. कुसळावर एकाच दिशेला वळलेले बारीक काटे असतात. लहानपणी गवताचं कणीस बाहीत सरकवून हात हलवला की ते आपोआप खांद्याकडे चढायचं, आठवतंय? फुफ्फुस दर श्वासाला फुगतं, आकसतं आणि कुसळ असंच पुढे सरकतं. मागे येऊ शकत नाही. शरीराला ते विरघळवताही येत नाही.

आधी श्वासनलिका, मग फुफ्फुसाचा मऊ भाग, मग त्याचं आवरण फोडून छातीच्या पोकळीत. तिथून कधी बरगड्यांमधून बाहेर, कधी श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा) ओलांडून कमरेकडे. श्वासपटलाचे मागचे स्नायू कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यापाशी चिकटलेले असतात, म्हणून कुसळ त्या वाटेने जाऊन मणक्यांखालच्या स्नायूंत गळू करतं, कधी दोन मणक्यांमधल्या चकतीत संसर्ग करतं. ताप आणि पाठदुखी असलेलं शिकारी कुत्रं आलं की मी आधी छातीचा फोटो काढतो तो यासाठी. आणि निळी_टिटवी, तुमच्या सेटरची गाठ याच वाटेवरची.

कुसळ एकटं जात नाही. तोंडातले आणि गवतावरचे जंतू घेऊन जातं: अ‍ॅक्टिनोमायसिस, कधी नोकार्डिया, पाश्चरेला, स्ट्रेप्टोकोकस, शिवाय हवेविना वाढणारे. कुसळ आत असेपर्यंत या जंतूंचं घर शाबूत असतं. औषध रक्तातून येतं, आणि कुसळाला रक्तपुरवठा नाही. म्हणून ताप दबतो, आजार संपत नाही.

रानोमाळ

डॉक्टर, मग एक्स-रेत कुसळ दिसलं का नाही? आमच्याकडे 'एक्स-रेत काहीच अडकलेलं नाही' असं सांगून विषय मिटवला होता.

श्वानवैद्य

दिसत नाही म्हणूनच इतकी कुत्री चुकीच्या निदानावर राहतात. हाड किंवा धातू एक्स-रे अडवतात, वाळलेलं गवत अडवत नाही. एक्स-रेत फक्त त्याचे परिणाम दिसतात: एका लोबमध्ये डाग, छातीत पाणी किंवा पू, क्वचित फुफ्फुसाबाहेर सुटलेली हवा. डाग दरवेळी त्याच जागी परत आला तर ती मोठी खूण आहे. पोटातला घास श्वासनळीत जाऊन होणारा न्यूमोनिया किंवा केनेल कफ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) असा पुन्हा पुन्हा त्याच कोपऱ्यात सहसा बसत नाही.

सीटी स्कॅन यापेक्षा कितीतरी पुढे जातो. गळू कुठे आहे, माग कुठून कुठे गेलाय, मणक्यांपर्यंत पोचलाय का, हे कळतं, आणि कधी कुसळ स्वतःच दिसतं. छातीच्या भिंतीजवळ किंवा कमरेच्या स्नायूंत असेल तर सरावलेल्या हाताला अल्ट्रासाऊंडवरही दोन्ही टोकांना निमुळती चकचकीत रेघ सापडते. सीटीसाठी भूल द्यावीच लागते, म्हणून त्याच भुलेत ब्रॉन्कोस्कोपी करून घ्यावी. दुर्बीण आत घातली की कुठल्या नलिकेतून पू येतोय ते दिसतं. कुसळ अजून नलिकेत असेल तर चिमट्याने तिथल्या तिथे निघतं आणि छाती उघडावी लागत नाही.

यातली वेळेची गोष्ट सर्वांनी ध्यानात घ्यावी. ठसका लागला त्यानंतरचे पहिले काही दिवस सोन्याचे. तेव्हा कुसळ मोठ्या नलिकेत असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. रानात एकदम सुरू झालेली खोकल्याची उबळ, खाकरणं, तोंडाला येणारी दुर्गंधी, थुंकीत रक्ताचा धागा, यातलं काही दिसलं तर 'बघू दोन दिवस' म्हणू नका. कुत्रं शांत झालं म्हणजे कुसळ बाहेर पडलं असं नाही. बऱ्याचदा ते फक्त खोल गेलेलं असतं, जिथे खोकल्याची जाणीव कमी असते.

सांजवारा

एक शंका. हे जंतू औषधाने मरत नाहीत असं तर नाही ना? मग जास्त कडक औषध, जास्त दिवस दिलं तर?

श्वानवैद्य

चांगला प्रश्न आहे, कारण इथेच सर्वांत जास्त वेळ वाया जातो.

अ‍ॅक्टिनोमायसिसवर पेनिसिलिन गटातली औषधं अजूनही उत्तम चालतात, पण मोठ्या मात्रेत आणि दीर्घकाळ, म्हणजे आठवडे नाहीत तर महिने. नोकार्डियाला बहुधा ट्रायमेथोप्रिम-सल्फा लागतं. दोन्ही जंतू सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच धाग्यांसारखे दिसतात, म्हणून लॅबमध्ये सौम्य अ‍ॅसिड-फास्ट रंग वापरून फरक करतात: नोकार्डिया तो रंग धरतो, अ‍ॅक्टिनोमायसिस धरत नाही. ताप पाहून घाईने एन्रोफ्लॉक्सासिन एकटंच दिलं जातं, ते हवेविना वाढणाऱ्या जंतूंवर आणि अ‍ॅक्टिनोमायसिसवर भरवशाचं नाही. मेट्रोनिडॅझोल हवेविना वाढणाऱ्या इतर जंतूंना मारतं, अ‍ॅक्टिनोमायसिसला नाही. अशा वेगवेगळ्या जंतूंचा मिश्र संसर्ग असतो तेव्हा अर्धे जंतू मरतात, अर्धे टिकतात आणि मालकाला वाटतं औषध लागू पडलं.

म्हणून औषध निवडण्याआधी नमुना. पू किंवा फुफ्फुस धुतलेलं पाणी सिरिंजमध्ये घेऊन आतली हवा काढून बंद करायचं आणि लगेच लॅबला कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्यासाठी) पाठवायचं. कोरड्या बोळ्यावर हे जंतू मरतात. कागदावर स्पष्ट लिहायला सांगा: 'कुसळाचा संशय, हवेसह व हवेविना दोन्ही कल्चर, अ‍ॅक्टिनोमायसिस-नोकार्डियासाठी दोन आठवडे ठेवा.' नेहमीचं कल्चर दोन-तीन दिवसांत 'निगेटिव्ह' म्हणून फेकून देतात आणि हे सावकाश वाढणारे जंतू हाती लागतच नाहीत. कुत्र्याच्या तब्येतीने परवानगी दिली तर अँटीबायोटिक थांबवून नमुना घेतलेला बरा, पण हा निर्णय समोर कुत्रं असलेल्या डॉक्टरांचा.

मात्रा मी धाग्यावर देणार नाही. वजन, किडनी, लिव्हर पाहिल्याशिवाय ती ठरत नाही. सल्फावर असलेल्या कुत्र्याचे डोळे कोरडे पडू शकतात, तेव्हा डोळ्यांतला चिकट स्राव आणि लाली पाहत राहा आणि अश्रूंची चाचणी करून घ्या.

काठीवाला

आमच्या ओळखीत एकाच्या कुत्र्याला असाच खोकला होता, स्टेरॉइडची सुई दिल्यावर दोन दिवसांत ठणठणीत. तेही विचारून बघा.

निळी_टिटवी

काठीवालाभाऊ, भावना समजते, पण कृपा करून हा सल्ला देऊ नका. आमच्याकडे एका ठिकाणी नेमकं हेच केलं होतं. ताप उतरला, खाणं वाढलं, आम्ही सुखावलो. त्यानंतर आजार पहिल्यापेक्षा वेगाने पसरला.

श्वानवैद्य

निळी_टिटवी यांच्याशी पूर्ण सहमत. स्टेरॉइडने सूज आणि ताप दबतात, जंतूंना मात्र रान मोकळं मिळतं. शिवाय फुफ्फुसातल्या बुरशीचा आजार हुबेहूब असाच दिसू शकतो, आणि त्यात स्टेरॉइड जीवावर बेततं. वेदनाशामक गोळ्याही ताप लपवतात, म्हणून गोळी देण्याआधी ताप मोजून लिहून ठेवा. खोकला थांबवणारं सिरपही नको, खोकला ही या कुत्र्याची एकमेव झाडू आहे.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. हात लावून अंदाज घेऊ नका, गुदद्वारात थर्मामीटर लावा.

रानोमाळ

छातीत पू झाला तर घरी कसं ओळखायचं?

श्वानवैद्य

श्वास उथळ आणि भरभर होतो. कुत्रं आडवं पडायला तयार नसतं. पुढचे कोपर शरीरापासून लांब करून, मान ताणून बसून राहतं. हिरड्या फिक्या किंवा निळसर दिसल्या तर त्याच क्षणी निघा, रात्र असली तरी. वाटेत छाती दाबू नका, पाजू-भरवू नका, उताणं पाडू नका, त्याला सोईचं वाटेल तसं बसू द्या.

तिथे पहिलं काम एक्स-रे नसतं. प्राणवायू आणि सुईने थोडा द्रव काढणं. अ‍ॅक्टिनोमायसिस असेल तर पू लालसर-तपकिरी, टोमॅटो सूपच्या रंगाचा निघतो आणि कधी त्यात मोहरीहून बारीक पिवळे कण तरंगतात. तो रंग आणि ते कण पाहिले की आम्हाला कुसळाची शंका घ्यावीच लागते.

मग छातीत नळी घालून पू उपसतात आणि कोमट सलाइनने पोकळी धुतात, दिवसातून दोन-तीन वेळा, द्रव स्वच्छ होईपर्यंत.

सांजवारा

नळी घालून धुऊन काम भागतं की छाती उघडावीच लागते? ऑपरेशनचं नाव काढलं की धस्स होतं.

श्वानवैद्य

यावर डॉक्टरांतही मतभेद आहेत. छातीत पू झालेल्या २६ कुत्र्यांचा एक अभ्यास २००२ मध्ये आला. त्यात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७८ टक्के कुत्री वर्षभर आजारमुक्त राहिली, नुसत्या औषधोपचारावर २५ टक्के. उलट २००७ मध्ये १५ कुत्र्यांवर शस्त्रक्रियेविना चांगला गुण आल्याचंही प्रसिद्ध झालं. माझं मत असं: ज्या कुत्र्यात पुवाचं कारण कुसळ नाही तिथे धुऊन आणि औषधाने भागू शकतं. सीटीत गळू किंवा माग दिसतोय, किंवा अ‍ॅक्टिनोमायसिस सापडलाय, तिथे उशीर करण्यात कुत्र्याचं नुकसान आहे. प्रत्येक उलटलेल्या तापाबरोबर कुसळ पुढे सरकतं, आतले भाग एकमेकांना चिकटत जातात आणि पुढचं ऑपरेशन अवघड होतं.

लोब काढायला लागला तरी घाबरू नका. कुत्र्याच्या उजव्या फुफ्फुसाला चार लोब, डाव्याला दोन. एक लोब गेलेली कुत्री पुन्हा पळताना मी पाहिलीत. एकूण फुफ्फुसाचा निम्म्यापर्यंतचा भाग गेला तरी निरोगी कुत्रं सावरतं.

रानोमाळ

आता टाळायचं कसं त्यावरही बोलू या. डोक्यावर जाळीची टोपी घालतात ती कामाची का?

निळी_टिटवी

आमचा अनुभव: सरावाच्या दिवशी उत्तम. कान, डोळे, नाक, तोंड सगळंच झाकलं जातं आणि कुत्र्याला धापा टाकता येतात. पण पक्षी तोंडात उचलून आणायचा असेल तर जाळी चालत नाही. पाण्यात आणि काटेरी झुडपात ती अडकते.

काठीवाला

मला जाळी पटत नाही. उकाड्यात कुत्र्याची धाप वाढते आणि त्याला गुदमरल्यासारखं होतं. त्यापेक्षा गवत कणसावर आलंय तिथे कुत्रं सोडूच नये.

माळरान

दोन्ही ठीक वाटतंय. आमच्याकडे तर आता हेच ठरलंय: हिरवं गवत चालेल, कणीस सुकून हाताला टोचायला लागलं की ते रान बंद. कणीस मुठीत धरून ओढलं आणि कुसळं तळहाताला चिकटून आली, की समजायचं.

श्वानवैद्य

ही मुठीची खूण मला फार आवडली. गवताची नावं सांगायची तर फॉक्सटेल बार्ली, चीटग्रास, कुसळी गवत ही सगळी घातक. उत्तर अमेरिकेत पक्ष्यांच्या अधिवासासाठी पेरल्या जाणाऱ्या मिश्रणात कॅनडा वाइल्ड राय असतं, त्याच्या वाकड्या लांब कुसळांची तिथल्या शिकारी कुत्र्यांच्या मालकांना धास्ती असते.

मध्ये मध्ये कुत्र्याला थांबवून पाणी द्या आणि तोंड खळाळून धुवा, ओठांच्या कडा, हिरड्या, जिभेखाली बोट फिरवा. परतल्यावर कान, नाकपुड्या, बोटांमधली बेचकी, काखा, जांघा, शिश्नाचं आवरण किंवा योनीची कड तपासा. १९८३ मध्ये कुसळांच्या १८२ रुग्णांचा एक आढावा आला, त्यात सर्वांत जास्त कुसळं कानात सापडली होती. कान झटकणं हलक्यात घेऊ नका. लांब केसांच्या कुत्र्यांच्या बोटांमधले केस हंगामाआधी कापून टाका.

माळरान

सर्वांचे मनापासून आभार. तुमचं लिखाण घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी शांतपणे वाचून मोठ्या केंद्रात पाठवलं. सीटीत उजव्या मागच्या लोबमध्ये गळू आणि तिथून श्वासपटलाकडे जाणारा बारीक माग दिसला. ब्रॉन्कोस्कोपीत त्या नलिकेतून पू येत होता, पण कुसळ दिसलं नाही. लोब काढला. शस्त्रक्रियेच्या वेळीही कुसळ हाती लागलं नाही, पण पॅथॉलॉजिस्टनी लोबचे काप घेतल्यावर कुसळाचा नखाएवढा तुकडा मिळाला. दहाव्या दिवशी कल्चरमध्ये अ‍ॅक्टिनोमायसिस उगवलं. आता पेनिसिलिन गटातलं औषध चालू आहे आणि ती भरपेट जेवते. कधी पळू द्यायचं आणि औषध कधी थांबवायचं, एवढंच विचारतो.

श्वानवैद्य

खूप आनंद झाला. सगळी कुत्री इतकी सुदैवी नसतात, तेव्हा तुमच्या डॉक्टरांचेही आभार माना. तुकडा सापडला, पण अख्खं कुसळ निघालं याची खात्री मिळत नाही, म्हणून औषध ठरल्याआधी थांबवू नका. ती ठणठणीत दिसली तरी नाही. औषध थांबवण्याआधी एक एक्स-रे, थांबवल्यानंतर साधारण महिन्याने दुसरा. रोज संध्याकाळी ताप मोजा आणि झोपेत असताना श्वास मोजा, मिनिटाला तीसच्या खाली हवेत. दोन्ही वहीत लिहा. आकडे वाढू लागले की भूक कमी व्हायची वाट न पाहता दाखवा.

पळण्याबद्दल: टाके निघेपर्यंत फक्त पट्ट्यावर चालणं, मग हळूहळू अंतर वाढवत न्यायचं आणि दुसरा एक्स-रे स्वच्छ आल्यावरच रानात सोडायचं. एक आणखी, तिच्या पाठीवर कमरेपाशी दर आठवड्याला हळूच दाबून पाहा. सीटीतला माग श्वासपटलाकडे होता, म्हणून ती जागा वर्षभर विसरू नका. दचकली तर पाठीचं सीटी करून घ्या.